तुमच्या नावाचा कुत्रा

बाबा, मी एक कुत्रा पाळलाय आणि त्याला तुमचं नाव ठेवलंय. चुकून नाही, आणि प्रेमाने तर नाहीच नाही. फुलपाड्यात आमच्या बिल्डिंगखाली वाण्याच्या दुकानाच्या पायरीशी कुत्री व्यायली होती. त्यातलं एक तांबूस पिल्लू मी वर आणलं, पुसून कोरडं केलं, आणि त्याच्याकडे बघता बघता तुमचं नाव तोंडातून निघालं. नुसतं नाव, पुढे-मागे काही न लावता. शाळेत, बँकेत, तुमच्या मृत्यूच्या दाखल्याच्या वेळी मी ते सांगितलं असेल, पण ते नुसतं सांगणं. हाक मारायची मजा वेगळी असते. मला तुम्हाला बोलवायचं होतं आणि तुम्ही शेपूट हलवत यायला हवं होतं. तुम्हाला बस म्हणायचं होतं, ऊठ म्हणायचं होतं, कोपऱ्यात जा म्हणायचं होतं. लोक पितरांसाठी कावळ्याला घास ठेवतात. मी हे केलं.

पण पिल्लू काही नावाला येईना. मी हाक मारली की कान पाडून सोफ्याखाली जायचं. शेवटी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तरणी पोर आहे, बोलते भराभर. तिने सांगितलं, नाव घ्यायचं आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. आवाज गोड ठेवायचा. नाव घेऊन रागवायचं नाही. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एक लक्षात ठेवा काकी. बोलावलं आणि तो आला, तर त्याने काही का केलेलं असेना, मारायचं नाही. बोलावून मारलंत तर तो परत तुमच्याकडे येणार नाही." मी पिल्लू मांडीवर घेऊन तिथे बसले होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढीशी पोर कुत्र्याबद्दल जे सांगते, ते तुम्हाला माणसाबद्दल कळत नव्हतं.

वटारची आपली वाडी, उन्हाळ्याची सुट्टी. तुम्हाला आठवत असेल किंवा नसेल, मारणाऱ्याला कुठे आठवतं. तुम्ही बाजारात गेला होता आणि केळींना पाणी भरून झालं की मोटर बंद करायचं काम माझ्यावर होतं. मी विहिरीशी पुस्तक घेऊन बसले आणि विसरले. पाट फुटला, पाणी नव्या लावलेल्या मोगऱ्यात शिरलं आणि रोपं आडवी झाली. तुमच्या स्कूटरचा आवाज आला तशी मी केळींच्या मागे जाऊन लपले. तुम्ही विहिरीपाशी उभे राहून मला नावाने हाक मारताय. एरवी मी तुमच्यासाठी "ए" होते, नाव निघायचं ते फक्त ओरडण्यासाठी. पण त्या दिवशी इतक्या मऊ आवाजात की मला वाटलं, दुसऱ्या कोणाचे तरी बाबा आलेत. "ये बाळा, बाहेर ये. काही करत नाही." मी आले. हसत आले हो मी. फुलं खुडायला आलेल्या बायकांच्या देखत तुम्ही मला रबरी पाइपाच्या तुकड्याने मारलंत. रोपं गेली म्हणून मारलं असतंत तर मी विसरूनही गेले असते. तुम्ही बोलावून मारलंत. आई मागच्या दारात बोंबील साफ करत होती. ती उठून आली नाही, निदान मला तेव्हा तसंच वाटलं, आणि तिच्यावरचा तो राग मी पुढे कितीतरी वर्षं धरून ठेवला.

तेव्हापासून कोणी मला नावाने हाक मारली की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघते. ऑफिसात साहेब पेढा द्यायला बोलावतात आणि मी टेबलापर्यंत जाईतो आपलं काय चुकलं ते शोधत असते. शेवटच्या आजारात तुम्ही हॉस्पिटलच्या खाटेवरून मला हाक मारत होता, पुन्हा त्याच मऊ आवाजात. नर्स बाहेर येऊन म्हणाली, ताई, तुम्हाला बोलावतायत. मी बाकावर बसून राहिले. मुद्दाम. तुम्हाला काय सांगायचं होतं ते मला माहीत नाही, आणि न गेल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. हे शिक्षण तुमचंच.

तर सूड घ्यायला निघाले आणि तुमचं नाव लाडाने घ्यायची पाळी आली. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून बसायचे. नाव, अंडं. नाव, अंडं. सुरुवातीला ते दातांतूनच निघायचं आणि पिल्लाला सगळं कळतं, ते मान तिरकी करून माझ्याकडे संशयाने बघायचं. मग मी बाथरूमच्या आरशासमोर तुमचं नाव गोड आवाजात म्हणायची प्रॅक्टिस केली. हसा तुम्ही. हळूहळू ते यायला लागलं, दबकत का होईना.

दिवसभर मात्र ते आईजवळ असतं. वाडी विकल्यापासून ती माझ्याकडेच राहते. कुत्र्याला काय नाव ठेवलंय ते ऐकून तिने पदर तोंडाला लावला, पाप आहे म्हणाली. तुमचं नाव तिने लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पण पिल्लाला हाक तर मारायला हवी, ते दर मिनिटाला काहीतरी उद्योग करतं. तिच्या जिभेवर जे आयुष्यभर बसलं होतं तेच आलं. अहो, इकडे या. अहो, ती चप्पल सोडा. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पण ते कार्टं शिकलं तेच, तुमचं नाव नाही, अहो. शेजारीण जिन्यात नवऱ्याला म्हणायची, अहो, किल्ली घेतलीत का, की हे आमच्या दारावर झेप घ्यायचं.

हे ऐकून डॉक्टर आधी पोट धरून हसली आणि मग गंभीर झाली. घरात सगळ्यांनी एकच नाव घ्यायचं, नाहीतर पिल्लू रस्त्यावर जाईल आणि परत यायचं नाही. आमच्या गेटासमोरूनच रिक्षा आणि पाण्याचे टँकर जातात, म्हणजे हे नुसतं बोलणं नव्हतं. आई म्हणाली, नाव बदल. मी हट्टाला पेटले. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला तुला भीती कसली वाटते, असं मी तिला तोंडावर विचारलं. ती उठून आत गेली आणि त्या दिवशी धड जेवली नाही.

मग एका रविवारी संध्याकाळी मी त्याला खाली नेलं. गेटाशी पट्ट्याचं बक्कल निसटलं, आणि नेमकं तेव्हाच समोरच्या भाजीच्या गाडीवर एक बाई नवऱ्याला म्हणाली, अहो, कोथिंबीर राहिली. हे सुटलं तिच्याकडे. डावीकडून टँकर येत होता. मी तुमच्या नावाने ओरडले, आणि आरशासमोरचा सगळा गोडवा गेला कुठच्या कुठे. हाक अशी निघाली की ते आणखी लांब पळालं. तेवढ्यात वरून, आमच्या गॅलरीतून, तुमचं नाव आलं. आईचा आवाज होता, मोकळा, खणखणीत. भाजीच्या गाडीवरची माणसं माना वर करून बघायला लागली. कुत्रा रस्त्याच्या मधोमध थांबला, वळला, आणि गेटातून सरळ जिना चढून गेला. टँकरवाला शिव्या देत निघून गेला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मी वर पोचले तेव्हा ती त्याला अंडं भरवत होती. आपल्या घरच्या बोलीत बोलली, मी इथे शाळेतल्या मराठीत लिहिते. "दुपारी तू नसताना घेते नाव. आधी जीभच उचलेना. आता बस म्हटलं की बसतो. मला बरं वाटतं." एवढं बोलून तिने खरोखरच त्याला तुमच्या नावाने बस म्हटलं, आणि तो बसला. तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. तेव्हा मी कधी न विचारलेलं विचारलं. त्या दिवशी वाडीत तू त्यांना अडवलं का नाहीस? तिने उरलेलं अंडं कुत्र्यापुढे ठेवलं.

"अहो, अहो म्हणत होते मी," ती म्हणाली. "तुला ऐकू आलं नसेल. ते तरी काय थांबणार, अहो तर रोजचंच. दुसरं काय म्हणून हाक मारणार होते मी त्यांना? नाव तोंडात असतं तर आजच्यासारखीच ओरडले असते."

म्हणजे इतकी वर्षं तिच्यावर धरलेला रागही तुमचाच होता, बाबा. तो तिच्याकडून काढून तुमच्यावर टाकलाय. तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाही, तशी वाट बघू नका. नाव बदलणार नाही. रोज सकाळी मी तुम्हाला बस म्हणणार, आणि दुपारी आई म्हणणार.

हा कागद मी तुमच्या फोटोसमोर वाचणार नाही आणि आईलाही दाखवणार नाही, कारण वर एक गोष्ट लिहायची टाळली. आईने गॅलरीतून तुमचं नाव घेऊन हाक मारली ना, तेव्हा मला वाटलं, तुम्ही आलात. कुत्रा वळून धावत निघाला, आणि मी, पन्नाशी ओलांडलेली बाई, गेटाशी खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. भाजीवाला धावत आला, ताई, चक्कर आली का म्हणाला. मी हो म्हणाले.