कलीग म्हणजे कोण

१४ नोव्हेंबर २०१७, मंगळवार
पहाटेपासून बर्फ. ड्राइव्ह-वे शोव्हल करून लॅबला पोचले तर पाहुणे आधीच येऊन बसलेले. आयरीननं ओळख करून दिली, "ही माझी कलीग, सुजाता." ती आमच्या पाणी तपासणी सेक्शनची बॉस, मी काँट्रॅक्टवरची टेक्निशियन. संध्याकाळी फरशी पुसायला येणाऱ्या एर्नेस्तोची ओळखही ती ह्याच शब्दात करून देते. मुद्दाम नाही, सवयीनं.

नागपूरच्या लॅबमध्ये साहेब म्हणायचे, "या आमच्या कॅटेगरीतून आलेल्या मॅडम." हसून म्हणायचे. पाहुणेही हसायचे.

१९ नोव्हेंबर, रविवार
बाबांना भंडाऱ्याला फोन. रिटायर होईपर्यंत जिल्हा परिषदेत शिपाई होते, त्यामुळे माझ्या ऑफिसच्या गोष्टी त्यांना फार आवडतात. कलीगचं सांगितलं. मराठीत काय म्हणतात, विचारलं. म्हटलं, सहकारी.

"सहकारी म्हंजे पतसंस्था ना व?"

खूप हसलो दोघं. मग म्हणाले, सोबतचे म्हन, सोबतचे लोक. पण सोबत तर बसमध्येही असते. शब्द काही सापडला नाही. कुळीथाचं पिठलं केलं, बरं झालं होतं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार
लंचला आयरीनला विचारलंच. या देशात आल्यावर पहिल्या वर्षी मी ग्रोसरीच्या दुकानात होते, तिथे सगळे को-वर्कर होते, कलीग कोणीच नव्हतं. फरक काय? सूप ढवळत विचार केला तिनं. म्हणाली, डॉक्टर, वकील, प्रोफेसर एकमेकांना कलीग म्हणतात, कारखान्यात फारसं कोणी म्हणत नाही, आणि तिला ते कधीच पटलं नाही. तिचे वडील रेल्वेच्या यार्डात होते. तिच्या मते, एकाच छपराखाली काम करतो तो को-वर्कर. ज्याच्या कामाची ग्वाही आपण डोळे मिटून देऊ, तो कलीग.

मग माझ्या डब्यातली भाकरी मागून घेतली आणि सुपात बुडवून खाल्ली. ही बाई...

२९ नोव्हेंबर, बुधवार
वाईट दिवस. शहराबाहेरच्या एका खाजगी वृद्धाश्रमाचं विहिरीचं पाणी काल आलं होतं. आज बाटली इनक्यूबेटरमधून काढली तर पिवळीजर्द. यूव्ही दिव्याखाली निळी चमकली. म्हणजे ई. कोलाय, म्हणजे मैला. आयरीनला दाखवलं. तिनं एकदाच बघितलं आणि तिथूनच आधी सरकारी वॉटर ऑफिसरला, मग वृद्धाश्रमाला फोन केला. नळाचं पाणी पिऊ देऊ नका, बाटल्या मागवा.

डायरेक्टर डॅरेनला नंतर कळवलं. तो आश्रम ज्या कंपनीचा, ती आमचं मोठं गिऱ्हाईक.

३० नोव्हेंबर, गुरुवार
डॅरेन लॅबमध्ये आला. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही. म्हणाला, सॅम्पल हाताळताना टेक्निशियनच्या हातून काही झालं असेल. नवीन आहे, तिकडचं ट्रेनिंग वेगळं असतं. मी दोन पावलांवर ग्लोव्हज घालून उभी. मनात लगेच आपलं आपणच सुरू: झाकण उघडताना बोट लागलं का? लेबल बदललं का?

आयरीन म्हणाली, "टेस्ट माझ्या कलीगनं केली आहे. शंका असेल तर ती माझ्यावर घे."

बस, एवढंच. परत मायक्रोस्कोपकडे वळली. डॅरेननं दुसऱ्या लॅबकडून तपासणी करायची ठरवली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. रडू आवरलं, जेमतेम.

६ डिसेंबर, बुधवार
रिझल्ट नाही अजून. आश्रमात दोन म्हाताऱ्यांची पोटं बिघडलीत असं कळलं. माझं चुकलं असेल तर बरं, असंही मनात येऊन गेलं. त्यांच्यासाठी बरं.

संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये अभिवादन. मेणबत्त्या, बुद्धवंदना. मुलं इंग्लिशमध्ये भाषणं करत होती. आयरीनला सहज सांगितलं होतं, तर खरंच आली. बूट काढून सगळ्यांबरोबर खाली बसली, गुडघे दुखत असून. कुणी विचारलं, आप कौन? तिला हिंदी कळलं नाही. मी सांगितलं, माझी कलीग. तोंडातून पहिल्यांदाच निघाला तो शब्द.

८ डिसेंबर, शुक्रवार
दुसऱ्या लॅबचा रिझल्ट आला. तोच. विहिरीजवळची सेप्टिक टँक फुटली होती. दोघी म्हाताऱ्या बऱ्या आहेत. आयरीननं मला शाबासकी दिली नाही, आश्चर्यही दाखवलं नाही. तिला ठाऊकच होतं, असा चेहरा. हेच जास्त भिडलं.

१५ जानेवारी २०१८, सोमवार
माझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. रिन्यू होणार का, उत्तर नाही. पीआर, म्हणजे इथं कायम राहायची परवानगी, अजून हातात नाही, नोकरी गेली तर सगळंच अवघड. त्या कंपनीनं आपलं काम दुसरीकडे नेलं. आयरीनवरही ठपका आलाय, डायरेक्टरला न विचारता फोन केला म्हणून. ती म्हणते, पुन्हा तेच करीन. आणि रोजच्यासारखी शिट्टी वाजवत बाटल्या लावते. मला नाही जमत.

२२ जानेवारी, सोमवार
माझ्या काँट्रॅक्टवर आज मीटिंग. आयरीन म्हणाली, तूही चल. बोलावणं फक्त तिला होतं. आत गेलो. डॅरेन आणि एचआरची बाई. डॅरेननं आयरीनला विचारलं, तुझी टेक्निशियन जरा बाहेर थांबेल का?

मला वाटलं आयरीन बोलेल. ती बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "विषय माझ्या कामाचा आहे. मी थांबते." खुर्ची ओढली आणि बसले. मग टेस्ट कशी केली, दुसऱ्या लॅबचा रिझल्ट कसा तोच आला, सगळं सांगितलं. इंग्लिश अडखळलं एकदोनदा. आयरीननं मध्ये एक शब्द घातला नाही, आणि तिचं ते गप्प बसणं मला आधारासारखं वाटलं.

निर्णय पुढच्या आठवड्यात. काहीही होऊ शकतं.

घरी येऊन बाबांना फोन. तिकडे सकाळ, चहा पीत होते. सगळं सांगितलं. नोकरीचं काय होईल ते त्यांनी विचारलंच नाही. विचारलं,

"सायबापुढं बसून बोललीस का उभ्यानं?"

"बसून, बाबा."

चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग विचारलं, तिकडं बर्फ अजून पडते का.