सिंधुबाईंचा भागाकार

नांदेड,
६ जानेवारी २०२५

चि. सिंधुस,
अ. उ. आ. व जय भीम.

हे पत्र लिहायची वेळ तुझ्या आनंदराजने आणली. काल त्याचा लातूरहून फोन होता. तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी, गुरुपादप्पा सरांनी, त्याला बोलावून सांगितलं की बाईंनी तिसरीच्या फळ्यावर छप्पन्नला सातने भागायला घेतलं आणि खडू धरून उभ्याच राहिल्या. शेवटी सहा लिहून मोकळ्या झाल्या. पोरांनी ते सहा वहीत उतरवलं. सरांचं म्हणणं असं की माणूस लकव्यातून उठलेलं, सेवानिवृत्ती तोंडावर आलेली, तेव्हा बाईंनी पहिलीचा वर्ग घ्यावा आणि तिसरी मनिषा मॅडमला द्यावी. यावर तू सरांशी बोलणंच सोडलंस म्हणे. आनंदराज म्हणाला, आई माझं ऐकत नाही, मावशी, तुझं ऐकेल. मी त्याला सांगितलं, ती कोणाचंच ऐकत नाही, पण वाचते.

फोनवर तुझा शब्द अडतो आणि तू चिडून फोन ठेवतेस. लिहिताना अडत नाहीस, म्हणून कागद.

मी जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलं. पोरांच्या वहीत चुकीचं उत्तर गेलं, ही मला तुझ्या आजाराहून मोठी गोष्ट वाटते. तुला वाईट वाटलं तरी चालेल. खालची उदाहरणं कर. मोबाइलला हात लावायचा नाही. उत्तर कसं सापडलं तेही शेजारी लिही.

४२ ÷ ६, ५६ ÷ ७, २७ ÷ ९, २४ ÷ ८.

लोभ आहे. उत्तरं पाहून वाढवायचा की नाही ते ठरवीन.

तुझी अक्का,
भीमा

चाकूर,
१२ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. व जय भीम.

उत्तरं: ७, ८, ३, ३. बरोबर आहेत, मी दोनदा पाहिली. पण ‘कसं सापडलं’ विचारलंस तिथेच मेख आहे.

पाढे मला आजही दोनपासून तीसपर्यंत न थांबता येतात. दवाखान्यात माझं नाव मला सांगता येत नव्हतं तेव्हा मी सतराचा पाढा म्हणून दाखवला होता. नर्स हसली. पण मधूनच कोणी विचारलं, छप्पन्नात सात किती वेळा, तर आत काहीच नाही. मग ‘सात एके सात’पासून जिना चढावा लागतो. मध्ये कोणी हाक मारली की मी पुन्हा खालच्या पायरीवर. त्या दिवशी फळ्यापाशी शिपाई टपाल घेऊन आला आणि मी घसरले. सहा लिहिलं ते लाजेने.

माझे ओठ हलतात हे पोरांनी ताडलंय. पुनम नावाची एक चुणचुणीत पोरगी आहे. बाई फळ्यासमोर मंतर म्हणतात, असं तिने घरी सांगितलं.

वर्ग सोडणार नाही. भागाकार तिसरीत येतो आणि तिथेच निम्मी पोरं गणितावर रुसतात. ती रुसू नयेत हेच माझं आजवरचं काम. पहिलीत बसले तर ‘आजारी बाई’ एवढीच उरीन.

तुझा गुडघा कसा आहे? जिन्याचं तुझंही तसंच दिसतंय.

माया असू दे, परीक्षा थोड्या कमी घे.

तुझी,
सिंधु

नांदेड,
१७ जानेवारी २०२५

चि. सिंधुस,
अ. उ. आ. व जय भीम.

गुडघा बरा आहे. विषय बदलू नकोस.

तुझा जिना खालून चढणं बंद. प्रत्येक पाढ्यात ‘पंचे’वर उभी राहायला शीक. सात पंचे पस्तीस, आठ पंचे चाळीस, नऊ पंचे पंचेचाळीस. हे डोळे मिटून आलं पाहिजे. छप्पन्न विचारले तर पस्तीसवर उभी राहा, वर एकवीस उरतात, म्हणजे आणखी तीन. आठ. घाई नको, पुटपुटणंही नको. सकाळी भाकऱ्या थापताना एक पाढा, संध्याकाळी दुसरा. उदाहरणं उलटसुलट घ्यायची, ओळीने घेतलीस तर तू पुन्हा गाणंच म्हणशील.

हे पक्कं होईपर्यंत भागाकाराचा तास मनिषाला घेऊ दे. त्यात कमीपणा नाही.

रागावलीस तरी उत्तर वेळेवर पाठव.

भीमा

चाकूर,
२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. व जय भीम.

पंचे जमलं. आता मी बहुतेक वेळा मधूनच आत शिरते. मनिषाला तास घ्यायला मात्र मी सांगितलं नाही. वर्गालाच सांगितलं की बाईंच्या डोक्यातला भागाकार आजारात गेला, तो परत आणायचाय, तुम्हीही शिका, मीही शिकते. तुझी पंचेची युक्ती त्यांनाही शिकवली.

पोरांना काय, सणच! खिचडी खाताना, हात धुताना, मला गाठून विचारतात. पुनमने नियम काढला की बाई चुकल्या तर बाईंनीही उभं राहायचं. मी दोनदा उभी राहिले. तिने वरून बजावलं की ओठ हलले तर तेही चुकीतच धरणार.

पण बातमी गावात गेली आणि पालक शाळेत आले. एकाने सरांना सुनावलं की लेकरंच बाईला शिकवून राहिली असतील तर पगार बी लेकरांनाच द्या. सरांना हसू आवरेना आणि रागही आवरेना. त्यांनी पंधरा तारखेला केंद्रप्रमुखांना बोलावलंय. ते वर्गाला विचारतील आणि मलाही. मला नाही आलं तर तिसरी गेली.

जमलं तर काहीतरी गोड लिही.

सिंधु

नांदेड,
६ फेब्रुवारी २०२५

चि. सिंधुस,
अ. उ. आ. व जय भीम.

गोड लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहे. वर्गाला खरं सांगितलंस ते योग्य केलंस.

नाही आलं तर नाही आलं म्हणायचं. पोरांकडे बघायचं नाही, वेळ मागायचा नाही. आणि त्या दिवशी स्वतःच्या उत्तरांपेक्षा पोरांच्या उत्तरांकडे कान दे. वर्ग तुझा आहे की नाही हे तिथे कळेल.

पोटभर जेवून जा. माझी काळजी गृहीत धर.

भीमा

चाकूर,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. व जय भीम.

मी पास झाले. केंद्रप्रमुखांनी मला नऊ-दहा उदाहरणं विचारली, मी सगळी सांगितली. हळू सांगितली, पण ओठ न हलवता. पुनम माझ्या तोंडाकडे टक लावून बसली होती. सरांनी सर्वांसमक्ष सांगितलं की तिसरी बाईंकडेच राहील. तो पगारवाला बापही आला होता. बाई पक्क्या आहेत, असं म्हणून गेला.

मग पोरांची पाळी आली. एकही उत्तर चुकलं नाही. केंद्रप्रमुख खूश. पण तू सांगितल्याप्रमाणे मी कान देऊन होते. त्यांनी विचारलं, चौदाला सातने भागा. अक्का, चौदाला! वर्ग पुटपुटायला लागला. सगळी पोरं आधी पस्तीसवर जाऊन उभी राहिली आणि तिथून एकेक सात कमी करत खाली उतरली. मग एका सुरात दोन म्हणाली. दिवाळीआधी हीच पोरं चौदात सात दोनदा हे विचारायच्या आत सांगायची.

माझं डोकं दुखावलेलं आहे, म्हणून मला काठी लागते. धडधाकट लेकरांच्या हातात मी तीच काठी दिली. केंद्रप्रमुखांना ते दिसलं नाही, सरांना दिसलं नाही. मला दिसलं.

सोमवारी मी स्वतः सरांकडे जाऊन तिसरीचं गणित मनिषाला द्या म्हणून सांगितलं. सर गोंधळले. जिंकल्यावर का सोडता, असं विचारत राहिले. मनिषा रडायला लागली, तिला वाटलं मी रुसले. मराठी आणि परिसर अभ्यास माझ्याकडेच आहेत. पुनमने आज भाषेच्या तासालाही मला बहात्तरला आठने भागायला लावलं. नऊ म्हणाले. तिने बसायची परवानगी दिली.

चार्ज लिहून दिला, त्याची नक्कल खाली देते. चुका काढ, पण कौतुकही एखाद्या ओळीचं कर.

तुझी,
सिंधु

नक्कल.
दि. १७ फेब्रुवारी २०२५. इयत्ता तिसरी, विषय गणित. देणार: सिंधु. घेणार: मनिषा.
पाढ्यांचे तक्ते, एक फाटका. ठोकळ्यांची पेटी, झाकण नाही. खडूचा डबा.
बेरीज, वजाबाकी, गुणाकार: पूर्ण.
भागाकार, दोन ते पाचने: पूर्ण.
भागाकार, सहा ते नऊने: उत्तरे बरोबर येतात, परंतु मुले आधी पाचपटीवर थांबतात. ही सवय शिक्षिकेची आहे, मुलांची नाही. मोडून घ्यावी.