तळहाताले लागलेला उंचवटा

पुणे, रविवार

माझ्या आईले तृप्तीचा जयभीम,

मी बरी आहो, टाइमावर जेवतो. सानगडीले थंडी पडली का? बाबाचा खोकला कसा आहे?

फोनवर रडू येते, म्हणून लिहून राहिली. अपघातात एका पोरीच्या कवटीचा तुकडा गेला. तिथं बसवायची प्लेट मी कॉम्प्युटरवर आखली. भोवतालच्या हाडाचे बिंदू धरून मधली गोलाई कॉम्प्युटर अंदाजानंच भरते. पडद्यावर सारं गुळगुळीत दिसलं.

प्लेट बनून आली. भिंत लिपल्यावर तू डोळे मिटून हात फिरवते, तसा मी फिरवला. एका जागी उंचवटा लागला. आमच्या कंपनीच्या साहेबांच्या हाताले काहीच लागलं नाही, म्हणून प्लेट तशीच दवाखान्यात गेली.

मले लय भेव लागून राहिलं. तुझा हात पाहिजे होता, आई. बुधवारी ऑपरेशन आहे. हे पत्र तुले भेटन, तेव्हा प्लेट पोरीच्या डोक्यात बसली असन.

तुझी,
तृप्ती