शून्यावर टेकलेला काटा

मंगळवार, १८ नोव्हेंबर. आचोळे

माझ्या हॅम रेडिओशेजारच्या पॉवर मीटरवर अँटेनाकडून परत येणारी पॉवर कायम शून्य दिसायची, म्हणजे सगळी हवेत जातेय, म्हणून मी निर्धास्त. अर्नाळ्याचा आग्नेल मात्र रोज रेडिओवर विचारायचा, "जेवला नाय काय रे? आवाजच येत नाय तुजा." बाकीचे जवळपासचे, त्यांना ऐकू यायचं. शेवटी मी रेडिओवर सगळ्यांसमोर म्हटलं, "कान तपासून घे." तो खरंच तपासून आला.

आज तेच मीटर गच्चीत, अँटेनाच्या टोकाला लावलं. पन्नास वॉटपैकी जेमतेम आठ पोचत होते. केबलमध्ये पाणी शिरलंय. जाणारी आणि परतणारी पॉवर तीच गिळत होती. इतकं स्वच्छ शून्य पाहून शंका कशी आली नाही?

फोनवर माफी मागून भागणार नाही. रेडिओवरच मागायची, सगळे ऐकत असताना. त्याआधी नवी केबल टाकायला हवी, नाहीतर माफीही आग्नेलला ऐकू जायची नाही.