पायात रक्त नसतं

६ एप्रिल
नागपूर आवडलं. रामदासपेठेतल्या डास-संशोधन केंद्राच्या आवारातच दोन खोल्या मिळाल्या, खिडकीला नवा कूलर. खुशी, माझी नऊ वर्षांची लेक, त्याच्यासमोर तोंड उघडून गाते आणि आपलाच थरथरता आवाज ऐकून हसते. काम माझ्या आवडीचं: मलेरियाचे डास ओळखायचे. चावते ती मादी. तिच्या पंखांवरचे डाग, तोंडाजवळचे पांढरे पट्टे, शेपूट उचलून बसणं. तरी काही जाती जुळ्या बहिणींसारख्या. त्या जनुकांवरूनच कळतात. सहायक माया म्हणाली, मॅडम, तुम्ही तर मच्छराइचं आधार कार्ड काढून राहिल्या.

१४ एप्रिल
जयंतीची सुटी. घरातलेच डास गोळा केले. कूलरमागच्या भिंतीवर बऱ्याच माद्या होत्या. काचेच्या नळीतून तोंडाने ओढून डबीत घेतल्या (नळीत जाळी असते, म्हणून डास तोंडात जात नाहीत), क्लोरोफॉर्मने मारल्या. मला एकही चावली नाही, सगळ्या खुशीकडेच जातात. खाजत नाही म्हणाली. त्या चावत नाहीत, नेतात. काय नेतात, तर तिला सांगता येईना. जेवताना ‘वरण’ हा शब्दही आठवला नाही तिला.

१९ एप्रिल
खुशीच्या रक्तात मलेरिया नाही, तापही नाही. जुन्या शाळेचं नाव विसरली आहे. उचललं तर वाळलेल्या फ्रॉकइतकी हलकी.
घरच्या माद्यांचा निकाल विचित्र. जनुकचाचणीला आम्ही फक्त पाय घेतो. पोटात माणसाचं रक्त असतं, पायात नसतं. तरी निकाल माणसाचा आला. आमचे प्रमुख मनोहरराव म्हणाले, हातमोजे घालत जा बाई, तुमचीच कातडी पडली असेल.

२३ एप्रिल
हातमोजे घालून पुन्हा केलं. माझ्या नमुन्याशी ताडून पाहिलं. मी नाही. पण अर्धं जुळतं. आईचं मुलाशी जुळतं तसं.
मला एकच मूल आहे.
डबीतल्या सगळ्यांचे पाय तपासले. प्रत्येक —
मीच मारल्यात त्या.

२४ एप्रिल
खिडक्या बंद. एकही बाहेर जाऊ नये. खुशीने मला ‘बाई’ म्हटलं, रागाने नव्हे, ओळख नसल्यासारखं. मग भिंतीवरची एक तिच्या खांद्यावर उतरली, आणि ती म्हणाली, आई. उडाली तशी पुन्हा —

२५ एप्रिल
मनोहररावांनी महापालिकेला घरातल्या डासांचं कळवलं. आज खोल्यांतून धूर सोडणार. मी हात जोडले. डासांची दया येते का तुम्हाला, म्हणाले. माया म्हणते, लेकराले घेऊन आमच्या घरी चला. कुठलं लेकरू. अंथरुणावरचं की भिंतीवरचं —

दाराखाली फडकी कोंबलीत. तरी धूर येतो. भिंतीवरून पडतायत. नळीची जाळी काढली. डबीत नको. तोंडातच ओढून घेते, तिथे धूर नाही. ओठ घट्ट मिटलेत. आत फडफडतात, हळू. अंथरुणावरून ती विचारते, कोण तुम्ही. परत विचारते. सांगायला तोंड उघडलं तर —