गज रघूच्या हाती

पुंगोल, सिंगापूर
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

चि. रघुवीर यास,

दादाचे अनेक आशीर्वाद. संजीवनीलाही सांग. दिवाळी होऊन गेली, चकल्यांचा डबा तळाला लागला असेल, आणि यंदाही संजीवनीने करंज्या शेजारी वाटून तुला चारच ठेवल्या असतील, असं धरून चाललोय.

इकडे सगळे खुशाल. अमेय रोज सकाळी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जातो. जहाजावर होता तेव्हा बारीक होता, आता खुर्चीवर बसून सुटलाय. सूनबाई मैत्रेयी घरूनच काम करते. ईशा सहा वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी घरात गुणगुणायला लागलो की म्हणते, "आजोबा, सो लाउड लाह!" आपल्या घराण्यात आवाज मोठा म्हणून ओरडा खाणारा मी पहिला नाही, हे तिला कुठे माहीत.

पत्र घेऊन आलेले विक्रांत हे नागावचे. जहाजावर सेकंड इंजिनियर आहेत. बोटीवरची मुदत संपून इथे उतरले, आता विमानाने घरी जातायत. चहा पाजल्याशिवाय सोडू नकोस. त्यांच्याबरोबर एक लांबट लाकडी पेटी आहे. उघडली नसशील तर राहू दे. उघडली असशील तर झाकण लाव आणि आधी हे वाच. अठरा वर्षांत मी तुला काही सांगितलेलं नाही, एवढं एक ऐक.

अक्षराकडे बघू नकोस. इथली बॉलपेनं फार घसरतात.

आता पेटीचं सांगतो. आमच्या ब्लॉकच्या खाली म्हाताऱ्यांसाठी एक सेंटर आहे. वेळ जायला तिथे जातो. कॅरम असतो, चहा असतो, खुर्चीवर बसून करायची कवायत असते. एका सकाळी कोपऱ्यातून सारंगीसारखा एकच सूर यायला लागला. वर नाही, खाली नाही. गाय कुंपणापलीकडे हंबरावी तसा. जाऊन बघतो तर एक चिनी म्हातारबाबा, नाव मिस्टर टे, मांडीवर आपला बेंजो घेऊन बसलेले!

खोटं नाही सांगत. तीच लांबट पेटी, त्याच तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणांची रांग आणि बटणांवर आकडे. फक्त नखीने छेडायच्या ऐवजी उजव्या टोकाला तारांवर गज ओढायचा. व्हायोलिनला असतो तसला, घोड्याच्या केसांचा. बाबांची बायको जपानी होती, नागोयाची. तिचं हे वाद्य. ते म्हणाले, नखीवाली जपानात पुष्कळ, ही गजवाली त्यांनी दुसरी कुठे बघितली नाही. नाव सांगितलं, ते माझ्या जिभेवर बसलं नाही. मी जपानी बेंजोच म्हणतो. आपण ज्याला आपला आपला म्हणून वाजवत आलो तो बेंजो मुळात जपानचाच, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. चौलच्या वरातीत आपण जपान वाजवत होतो, रघू!

बाबांच्या डाव्या हाताची बोटं आखडलीत, बटण दाबलं जात नाही. म्हणून बायको गेल्यापासून रोज नुसता मोकळ्या तारेवर गज फिरवत बसायचे. मी समोर खुर्ची ओढली आणि विचारलं, मी दाबू का? ते म्हणाले, "यू प्रेस, आय पुल. कॅन?"

मी म्हटलं, कॅन.

पहिल्या दिवशी बोक्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज. मी आपला वरातीच्या सवयीने टकाटक बटणं मारतोय आणि गज अजून पहिल्याच सुरावर. बाबा थांबले. म्हणाले, "व्हाय यू रश? ट्रेन वेटिंग, अह?" सगळे म्हातारे हसले. मग त्यांनी समजावलं. या वाद्यात बटणाने फक्त जागा सांगायची. सूर किती लांबवायचा, कुठे दाबायचा, कुठे श्वास घ्यायचा, ते सगळं गज ठरवणार. "की मॅन फॉलो, लाह."

साठ वर्षं बेंजो वाजवला, रघू, पण दुसऱ्याच्या मागून जायचं मला कोणी शिकवलं नव्हतं.

आता तू विचारशील, दादा, तुला दोन हात आहेत, गज तूच का नाही धरलास? इथपर्यंत लिहून पेन दोनदा खाली ठेवलं. अमेय म्हणतो, बाबा, फोन करा. फोनवर मी हवापाण्याचं बोलेन आणि ठेवून देईन. म्हणून लिहितोय.

गेल्या वर्षी सप्टेंबरात सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला. उचलायला गेलो तर हात आलाच नाही. अर्धांगवायूचा झटका. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात राहिला. खांद्यापासून लोंबतो, धुऊन वाळत घातलेल्या बाहीसारखा. डॉक्टरीण भली आहे, तिने वर्षभर आशा लावून बघितली आणि मग खरं सांगितलं. सेंटरला मी वेळ घालवायला जात नाही, हाताची कवायत करायला जातो. आणि पेन घसरत नाही. हे डाव्या हाताचं अक्षर आहे. एवढं पत्र लिहायला मला आठ दिवस लागलेत.

अमेय त्याच दिवशी तुला कळवणार होता. मीच शपथ घातली. रत्ना गेली तेव्हा तू आलास, तुझ्या वहिनीला खांदा दिलास आणि चहा न घेता गेलास. तुझं बरोबर होतं. पण मग मला वाटलं, आता हा लुळा हात कुठल्या तोंडाने दाखवू? गावात लोक म्हणतील, पद्माकर बेंजोवाल्याचा हातच गेला. लोकांचं सोड. तू काय म्हणशील, त्याचीच भीती होती.

कारण तू जे म्हणाला होतास ते मी विसरलेलो नाही.

ते नागावच्या वरातीचं. अठरा वर्षं झाली. दुपारचं ऊन, ट्रॉलीवर स्पीकर, आणि मी माइक घेऊन आपल्या बेंजो पार्टीतल्या एकेकाची ओळख करून देत होतो. ढोलकीवाला अमका, ताशेवाला तमका. तुझ्यापाशी आलो आणि म्हटलं, "हा माझा भाऊ रघुवीर, माझा उजवा हात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा तू तोच माइक माझ्या हातून घेतलास आणि म्हणालास, "उजवा हात म्हणायचं आणि हातात खुळखुळा द्यायचा!"

वरात हसली. नवरदेवसुद्धा हसला. मीही हसलो, ते सगळ्यात वाईट. तू खुळखुळा ट्रॉलीवर ठेवलास आणि भर उन्हात चालत चौलला गेलास. मी पुढचं गाणं लावलं.

मी सगळ्यांना सांगत आलो की रघूला साधी थट्टा झेपली नाही. रत्नालाही तेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "त्यांना खुळखुळा दिला कोणी?" त्यावर मी जेवायला वाढ म्हटलं होतं.

कोणी दिला ते तुला माहीत आहे. तरी आज मी माझ्या हाताने लिहितो, म्हणजे एकदा कागदावर येईल. मामाने अलिबागहून बेंजो आणला तेव्हा मी दहाचा, तू सहाचा. तुझी बोटं बटणाला पुरायची नाहीत आणि मला दोन्ही हात एकदम चालवणं जमायचं नाही. म्हणून मी दाबायचो, तू नखीने छेडायचास. दोघं मिळून एक वाजवणारा. लोक बघायला यायचे. आय म्हणायची, देवाने एक माणूस करायला घेतला आणि दोघांत वाटला. मग तुला कांजिण्या आल्या. एकवीस दिवस तू माजघरात लिंबाच्या पाल्यावर पडलेला. त्या एकवीस दिवसांत मी गोठ्यामागे बसून दोन्ही हात बसवले. तू उठून आलास, नखी मागितलीस, आणि मी म्हणालो, "आता नको. मला एकट्याला येतं."

तू रडला नाहीस. नखी कोनाड्यात ठेवलीस आणि खेळायला गेलास. पुढे पार्टी काढली तेव्हा घरचा माणूस म्हणून तुला घेतलं आणि हातात काहीतरी पाहिजे म्हणून खुळखुळा दिला. सदतीस वर्षं तू तो वाजवलास. कधी ताल चुकला नाहीस. मी कधी ऐकलाही नाही.

आता आयचं बोलतो. लग्नात धवले गायला तिला रेवदंड्यापर्यंत बोलावणं असायचं. मी धवल्यांना कंटाळायचो. किती ते लांबट सूर, किती तो उशीर. तू तिच्या पदराला धरून मांडवात बसायचास. तुला सगळे पाठ. पार्टी निघाल्यावर एकदा मी धवला बेंजोवर बसवायला गेलो, तर आय म्हणाली, "तुज्या पेटीला दम नाय रं. नवरी उंबऱ्यातून बाहेर येईस्तोवर तुजा सूर मरतो." खरंच होतं. नखीने तार छेडली की सूर जन्मला तिथेच मेला. म्हणून आपण टकाटक वाजवायचो, एक मरायच्या आत दुसरा.

गजावर सूर मरत नाही, रघू.

चार महिने मी आणि बाबा रोज बसलो. चिनी गाणी बसवली, एक जपानी बसवलं. एक दिवस मी डाव्या हाताने हळूच धवल्याची चाल लावली, तेलवणाची, नवरीला हळद लावायच्या वेळची. बाबांनी गज ओढला आणि पहिली ओळ आली. आयचीच. पंगतीत हाक मारावी तशी. मला पुढचं बटण दिसेना. पण दुसऱ्या ओळीला बाबांनी मध्येच गज उलटा फिरवला. त्यांची चूक नाही, तिथे आय श्वास घ्यायची नाही हे त्यांना कुठून माहीत? मी सांगायला गेलो तर मलाही नीट सांगता येईना. पंचवीस वेळा केलं. पंचवीस वेळा मोडलं. शेवटी बाबा म्हणाले, "धिस वन, समबडी एल्स मस्ट पुल."

मी म्हटलं, येस. माय ब्रदर.

पुढच्या आठवड्यात बाबा मुलीकडे पर्थला राहायला जातायत, कायमचे. वाद्य मला देऊन गेले. म्हणाले, माझ्या घरात ते मुकं राहील. आता तेच माझ्याबाबतीतही खरं आहे. एका हाताच्या माणसाकडे हे मुकंच. घरच्यांचं मत, ठेवा, आठवण म्हणून. दहा दिवसांपूर्वी एक संध्याकाळभर ते मांडीवर घेऊन बसलो, नुसती बटणं दाबत. टकटक, टकटक. मग उठून विक्रांतना फोन केला.

म्हणजे पेटीत काय आहे ते कळलं तुला. ते तुझं आहे. उसनं नाही, सांभाळायला नाही. मला हात हवाय म्हणून तुझी आठवण झाली, असं तुला वाटेल, आणि वाटलं तर तो दोष माझ्याकडेच येतो. म्हणून एक स्पष्ट लिहितो. मी तुला माझ्या बाजूला बसायला बोलवत नाही. बटणं दाबायला कोणीही चालेल. संजीवनी चालेल, तिला तेवढं दोन दिवसांत येईल. गज मात्र दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नकोस. धवले फक्त तुझ्याकडे उरलेत. तू आणि ही पेटी एका घरात असलात की मला इथे बसून बरं वाटेल. ऐकायला मिळालं नाही तरी.

तरी मनातलं लपवत नाही. ऐकायला मिळावं असं फार वाटतं. डॉक्टरिणीने विमानाला परवानगी दिलीय. तिकीट काढलेलं नाही. तू ये म्हणालास तर काढीन, नाही म्हणालास तर तोंडातून अवाक्षर काढणार नाही. आलो तर तू जिथे थांबशील तिथे थांबेन आणि तू पुढचा सूर घेईपर्यंत पुढच्या बटणाला हात लावणार नाही. हे मला आता येतं. चार महिने शिकलोय.

गज सैल करून ठेवलाय. वाजवायच्या आधी टोकाचा स्क्रू थोडा आवळ, वाजवून झालं की पुन्हा सैल कर, नाहीतर केस ताणतात. डबीत राळ आहे, ती केसांना घासायची, थोडी. आवाज सुरुवातीला कर्कश येईल, संजीवनी हसेल. हसू दे.

तुझ्या मागून यायला तयार असलेला,
दादा