नावाशिवाय ओवी

३ जानेवारी १९५३, आळंद
नव्या वर्षाचा संकल्प: १ फेब्रुवारीला गुलबर्ग्याच्या शिक्षक मेळाव्यात ओवीवर निबंध वाचायचाच. हेडमास्तर म्हणाले, बायकांची गाणी ती, त्यात अभ्यास कसला? मी बी.ए. आहे. दाखवून देईन. महिन्यात शंभर ओव्या. दिवसाला चार पडतात. किरकोळ.

५ जानेवारी
म्हाळसाला बोलावले. गल्लीतल्या घरांची दळणे तीच दळते. ओव्या तिच्याइतक्या कुणालाच येत नाहीत. खुर्ची दिली. उंबऱ्यावर बसली. मी पेन उघडून तयार. अर्ध्या तासात एकही ओवी नाही. म्हणाली, "हातात खुंटा न्हाई तर कसं आठवंल, मास्तर? जातं फिरलं की तोंडात येतंय."
अशास्त्रीय. तरी नोंद केली.

७ जानेवारी, पहाटे
तिची जोडीदारीण माहेरी गेली आहे. म्हणून समोरून खुंटा मी धरला. फक्त आजच्यापुरता. खुंटा धरला की लिहिता येत नाही, हे आधी सुचायला हवे होते. ओवी पुन्हा म्हण म्हटले तर म्हणते, "मग पुन्हा दळा."
जोंधळे चार शेर. ओवी एक.

१२ जानेवारी
तळहाताला फोड. ओव्या सात. सावित्रम्माने आमचेही दळण आणून ठेवले. म्हणाली, "लग्नाला वीस वर्सं झाली. तुमचा हात जात्याला लागतोय हे आज कळलं." बायकोकडून उत्तेजन मिळणारे अभ्यासक थोडे.

१५ जानेवारी
मोठा शोध!
"आळंदच्या माळावरी वारा लागला पळाया,
पिराप्पा माझा बंधू मेंढरं गेला वळाया."
पिराप्पा म्हणजे म्हाळसाचा सख्खा भाऊ. पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसला, मेंढरे घेऊन मादन हिप्परग्याकडे गेला, तो अजून आलेला नाही. ती प्रत्येक ओवीत त्याला घालते. म्हणजे नाव मागाहून आलेले, ओवी जुनी. नियम केला: व्यक्तिनामे काढायची. "कोणी एक माझा बंधू मेंढरं गेला वळाया." एक अक्षर वाढते. मूळ ओवीत ते असणारच.
तिला विचारायला हवे होते का? बराच वेळ मन खात होते. पण अभ्यासकाने हळवे होऊन चालत नाही.

२४ जानेवारी
ओव्या तेवीस. शंभर हा आकडाच मुळात बाजारू होता.

२८ जानेवारी
निबंध पूर्ण. म्हाळसाला वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "ह्यात माझा पिराप्पा कुठाय?"
मागून घातलेली नावे काढावी लागतात, असे शांतपणे समजावले. तिला वाचता येत नाही. तरी पहिल्या पानावर बोट ठेवले. "हितं वर काय लिवलाव?"
माझे नाव, म्हणालो.
"ते बी मागूनच घातलाव न्हवं?"
कागद आवरले. उत्तर आहे. सुचेल.

२९ जानेवारी
सुचले. नियम म्हणजे नियम. माझेही नाव खोडले. आता मला कोण बोलतो बघू. निबंध मेळाव्याआधी पोचवायचा असतो, म्हणून टपालाने रवाना.

१ फेब्रुवारी, गुलबर्गा
अध्यक्ष म्हणाले, एक निबंध बिननावी आला आहे, नियमाप्रमाणे तो वाचता येणार नाही. मी उठून सांगितले, माझा आहे. मागून कुणीतरी ओरडले, "नाव दाखवा की, मास्तर!" हॉलभर हशा. ताठ मानेने बाहेर पडलो. बस संध्याकाळी होती. स्टँडवर चार तास ताठ मानेने बसलो.

३ फेब्रुवारी, पहाटे
म्हाळसाने विचारले, "वाचलाव का?" खरे ते सांगितले. हसली नाही. जात्यात जोंधळे घातले. म्हणाली, "धरा खुंटा."
तीन ओव्या झाल्या. माळाची, वाऱ्याची, मेंढरांची. पिराप्पा एकीतही नाही. चौथीला मीच जाते थांबवले. आज भावाचे नाव का घेतले नाहीस, विचारले.
"तुमच्यापुढं न्हाई घेत, मास्तर. तुम्ही काढून टाकताव."
तिन्ही ओव्या अगदी शुद्ध होत्या. एकही उतरवली नाही.